उंबऱ्याबाहेरची माती

पाणी गाळून प्यावं, हे आपल्या घरातल्या मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. आई गाळते, आजी गाळते, ती बघत बघत शिकते. पण गाळण्याचा दुसरा अर्धा भाग आता बऱ्याच घरांतून गेला आहे. तो म्हणजे जिवाणी. इथे ग्वाल्हेरकडे तिला बिलछानी म्हणतात. पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळलं की फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यांच्यावर गाळलेलंच पाणी हळूच ओतून त्यांना भांड्यात घ्यायचं आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सोडायचं. तेही वरून फेकून नाही. बादली पाण्याच्या पातळीपर्यंत अलगद खाली नेऊन. त्या पाण्याचे जीव त्याच पाण्यात जगतील, दुसरीकडे मरतील, म्हणून.

यातली गोष्ट नीट पाहा. स्वच्छ पाणी आपल्या घड्यात आलं, तिथे आपलं काम संपलं, असं जुन्या बायकांनी मानलं नाही. घड्यात जे आलं नाही त्याचं काय झालं, हेही त्यांच्याच हिशेबात होतं. घरात घेण्याइतकीच घरातून सोडण्याचीही जबाबदारी असते, हा विचार आपल्या स्वयंपाकघरात शेकडो वर्षं राहत होता.

मला प्रश्न पडतो तो असा. पाण्याच्या बाबतीत जो नियम आपण इतका जपला, तो मातीच्या बाबतीत का लागू होत नाही?

आपल्याकडे पाच स्थावर सांगितले आहेत. पृथ्वीकाय, जलकाय, अग्निकाय, वायुकाय आणि वनस्पतिकाय. पहिलं नाव पृथ्वीचं आहे. पाठशाळेत लहान मुलंही हे घडाघडा म्हणतात. पण रोजच्या वागण्यात जलकायाची भीती आपल्याला जेवढी वाटते, तेवढी पृथ्वीकायाची वाटत नाही. मातीत जीव आहे, हे तोंडपाठ आहे. हाताला मात माती म्हणजे टाकून द्यायची जागा एवढंच ठाऊक आहे. कुणाला मातीतल्या एकेंद्रिय जीवाची कल्पना जड वाटत असेल, तर तिनं थोडं वर यावं. त्याच मातीत गांडूळ आहे, द्वींद्रिय. मुंगी आहे, त्रींद्रिय. वर घोंघावणारी माशी चतुरिंद्रिय. आणि संध्याकाळी पाचला त्याच मातीत बसून मुठीनं खड्डा उकरणारा आपला नातू पंचेंद्रिय, संज्ञी, मनासहित. मातीत घातलेलं विष या सगळ्या पायऱ्या चढत येतं.

थाटीपुरातली कुठलीही बाग घ्या. चारही बाजूंना लोखंडी जाळी, मध्ये थोडं गवत, दोन घसरगुंड्या, एका कोपऱ्यात पिंपळ, त्याच्या बुंध्याशी सुकलेले हार, तुटलेल्या फोटोच्या चौकटी, प्लास्टिकच्या पिशव्या. पलीकडे कुणीतरी घर पाडल्याचा मलबा. हिवाळ्यात पालापाचोळ्याचा ढीग आणि त्यातून निघणारा धूर. मुरार आणि लश्कर यांच्या मधोमध असलेल्या या वस्तीत सकाळी आपल्याला फिरायला हीच जागा आहे. तिला आपण ‘हिरवळ’ म्हणतो. हिरवं दिसतं म्हणजे निरोगी असतं, असं आपण धरून चालतो.

ग्वाल्हेरच्या हवेबद्दल सगळ्यांना आठवत असेल. मे 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांच्या हवेची जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात सूक्ष्म धुळीच्या हिशेबानं आपलं शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं. वर्षाची सरासरी दर घनमीटरला 176 मायक्रोग्रॅम होती. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. पण हवेतली धूळ हवेतच राहत नाही. ती खाली बसते. पानांवर, गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांवर आणि मातीवर. पावसानं हवा धुतली जाते, तेव्हा ते धुणं मातीतच उतरतं. हवेचा दोष दिसतो, खोकल्यातून कळतो. मातीचा दोष दिसत नाही आणि लवकर कळतही नाही.

शिशाचं उदाहरण घ्या. आपल्या लहानपणी आणि तरुणपणी पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे. भारतात 2000 सालच्या फेब्रुवारीपासून ते पूर्ण बंद झालं. घराच्या रंगातही शिसं असे. त्यावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घालणारा नियम 2016 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. म्हणजे आता प्रश्न मिटला का? हवेपुरता बराचसा मिटला. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबर फारसं खोलही जात नाही. ते मातीच्या वरच्या काही इंचांतच वर्षानुवर्षं बसून राहतं. म्हणून जुन्या रहदारीच्या रस्त्याकडेची पट्टी आणि जुन्या रंगाचे पोपडे गळलेल्या भिंतीच्या पायाची माती, या दोन जागा जगभर संशयाच्या मानतात. आणि मुलं नेमकी तिथेच खेळतात, कारण भिंतीच्या कडेला सावली असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही मात्रा माहीत नाही. तेवढंच शिसं पोटात गेलं, तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट जास्त शोषून घेतं. त्याचा परिणाम बुद्धीच्या वाढीवर, लक्ष लागण्यावर, स्वभावावर होतो. मूल तापानं फणफणत नाही, उलट्या करत नाही. ते फक्त होऊ शकलं असतं त्यापेक्षा थोडं कमी होतं. आणि आई म्हणते, याचं अभ्यासात मनच लागत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. शरीरात गेलेलं शिसं हाडांत साठतं, तिथे अनेक वर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं आणि त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही सुटून गर्भापर्यंत पोचतं. म्हणजे सात वर्षांच्या मुलीनं बागेत जे तोंडात घातलं, ते वीस वर्षांनी तिच्या बाळाच्या वाट्याला येऊ शकतं. कर्म सत्तेत पडून राहतं आणि काळ आला की उदयाला येतं, असं आपण स्वाध्यायात वाचतो. हे कर्मपुद्गल नाहीत, साधं रसायन आहे, दोन्ही एक करू नयेत. पण ‘आज दिसत नाही म्हणून झालंच नाही’ असं म्हणता येत नाही, हे ज्यांना समजावून सांगावं लागू नये अशा जर कुणी असतील, तर त्या आपण आहोत.

शिशाखेरीज बाकीचीही यादी आहे. वाळवीसाठी आणि मुंग्यांसाठी भिंतीच्या कडेनं पांढरी पावडर टाकायची पद्धत घरोघर होती. त्यातली गॅमेक्झिन म्हणजे बी. एच. सी.; तिच्यावर आपल्या देशात 1997 मध्ये बंदी आली. शेतीसाठी डी. डी. टी. त्याआधीच, 1989 मध्ये थांबवलं होतं. बंदी आली ती कारखान्यावर आणि दुकानावर. मातीत जे पडलं होतं त्याला कुणी परत बोलावलं नाही, आणि ही औषधं मातीत फार सावकाश विरतात. पालापाचोळा जाळताना त्यात पिशव्या, वायरी, जुन्या चपला जळल्या की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि राखेबरोबर तिथेच बसतात. घड्याळाचे सेल, फुटलेला थर्मामीटर, सी. एफ. एल.चा दिवा, उरलेली औषधं, रंगाचे डबे यांत पारा, कॅडमियम, शिसं आणि काय काय असतं. पालक-मेथीसारख्या पालेभाज्या मातीतलं कॅडमियम सहज ओढून घेतात. आपण कंदमुळं खात नाही म्हणून सुटलो, असं समजायला जागा नाही.

आता प्रश्न नीतीचा. हे पाप कुणाचं? कारखान्यानं विष सोडलं तर बोट दाखवता येतं. पण कॉलनीच्या बागेची माती एका माणसानं बिघडवलेली नसते. पेट्रोल सगळ्यांनी जाळलं, रंग सगळ्यांनी लावला, सेल सगळ्यांनी फेकले. हजारांत माझा वाटा एक. मग प्रत्येकजण म्हणतो, माझ्या एकानं काय होणार? हिशेबाच्या भाषेत हे खरंही वाटतं.

आपल्या परंपरेत या सबबीचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेलं आहे, आणि ते आपण रोज बोटांवर मोजतो. जपमाळेत 108 मणी का? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. ते मनानं, वचनानं, कायेनं म्हणून नऊ. ते स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, दुसरा करताना संमती दिलेले म्हणून सत्तावीस. आणि चार कषायांनी गुणले की 108. या मोजणीत ‘वाटा किती’ असा मणी नाही. कृत, कारित आणि अनुमत असे मणी आहेत. सेल मी स्वतः कचऱ्यात टाकला, ते कृत. कामवालीला ‘जा, पलीकडे टाकून ये’ म्हटलं, ते कारित. बागेत पाचोळ्याबरोबर प्लास्टिक जळताना खिडकी लावून घेतली आणि ‘चला, कचरा तरी गेला’ म्हटलं, ते अनुमत. हजार जणींनी मिळून केलं म्हणून पाप हजारात वाटलं जातं असं कुठेही सांगितलेलं नाही. ज्याच्या त्याच्या भावाप्रमाणे बंध ज्याचा त्याला, पूर्ण.

यावर आपल्यातल्याच जाणकार बायका एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. त्या म्हणतात, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही. चूल पेटवायची तर अग्निकाय, दळायचं तर वनस्पतिकाय, घर बांधायचं तर पृथ्वीकाय. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडावी. आरंभी, उद्योगी, विरोधी यांची त्याला मर्यादा करता येते, संपूर्ण त्याग नाही. मग मातीचं बिघडणं हेही संसाराबरोबर येणारंच, त्याचा एवढा बाऊ कशाला?

बरोबर आहे, पण गृहस्थाला दिलेली ही सवलत गरजेची आहे, निष्काळजीपणाची नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. काही कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग लावणं, झाडं तोडणं हे त्यात येतं. म्हणजे श्रावकानं विनाकारण माती उकरणंसुद्धा आचार्यांनी दोषात धरलं आहे. तिथे मातीत पारा टाकणं कुठल्या गरजेत बसवायचं? भात शिजवायला अग्नी लागतो, हे समजतं. पण संपलेला सेल नाल्यात टाकल्यानं कुणाचाही भात शिजत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. जीव मेला की नाही यापेक्षा तुम्ही सावध होतात की नव्हता, हे आधी विचारलं आहे.

सावधपणाच्या बाबतीत मुनींच्या पाच समित्यांपैकी शेवटची मला बायकांच्या फार जवळची वाटते. उत्सर्ग समिती. ईर्या समिती सगळ्यांना माहीत असते. महाराज चार हात पुढची जमीन पाहून चालतात, ते आपण विहारात पाहतो. उत्सर्गाबद्दल बोलायला लोक लाजतात, कारण ती मलमूत्र, कफ टाकण्याबद्दलची आहे. पण तिचा गाभा पाहा. ज्यांच्याजवळ पिच्छी-कमंडलू आणि शास्त्र याशिवाय वस्तू नाही, त्यांनाही सांगितलं आहे की शरीरातून जे बाहेर टाकायचं ते निर्जंतुक जागा पाहून, कुणाला बाधा होणार नाही असं टाका. घेण्याची समिती आहे, ठेवण्याची आहे, तशी टाकण्याचीही समिती आहे. आणि आपल्यासारख्या भरल्या घरातल्या माणसांना, ज्यांच्या घरातून रोज पिशवीभर वस्तू बाहेर जातात, त्यांना टाकण्याचा विचारच नको? चौका लावताना आपण किती शोधतो, किती पुसतो. ज्यांना आहार द्यायचा ते महाराज मात्र अनवाणी पायांनी आपल्याच गल्लीतून, आपण बाहेर लोटलेल्या त्याच मातीवरून चालत येतात.

आपली शुद्धता उंबऱ्यापाशी थांबते, हे खरं दुखणं आहे. घर स्वच्छ झालं म्हणजे घाण नाहीशी झाली असं नाही, ती फक्त दुसऱ्याच्या अंगणात गेली. ‘बाहेर’ नावाची रिकामी जागा जगात कुठेच नाही. आपल्याच राज्यातलं भोपाळ पाहा. 1984 च्या वायुकांडाची रात्र सगळ्यांना माहीत आहे. पण कारखान्याच्या आवारात पुरलेल्या, उघड्यावर पडलेल्या रसायनांनी माती आणि भूजल बिघडलं, ते त्या रात्रीच्या आधीपासून चालू होतं आणि नंतरही चालू राहिलं. आसपासच्या वस्त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये सांगावं लागलं. त्या आवाराभोवतीच्या मोकळ्या जागेत मुलं खेळत आली, गुरं चरत आली, कारण वरून तीही हिरवीच दिसे. शेवटी चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 च्या सुरुवातीला, तिथला 337 टन साठवलेला कचरा गाड्यांत भरून धार जिल्ह्यात पीथमपूरला जाळायला नेला. पीथमपूरचे लोक रस्त्यावर आले. त्यांना वेडं कोण म्हणेल? भोपाळची जागा थोडी मोकळी झाली, पण मातीत मुरलेलं तिथेच राहिलं आणि जळालेल्याची राख दुसऱ्या कुणाच्या जमिनीजवळ सांभाळायची आली. आपल्या सेलाची आणि दिव्याची गोष्ट याच कथेची चिमूटभर आवृत्ती आहे.

हे वाचून कुणी नातवंडांना बागेत पाठवणं बंद करील, तर तेही मला पटणार नाही. भीती म्हणजे सावधपणा नव्हे. मातीत खेळणं मुलाच्या वाढीला हवंच. फक्त कुठे खेळायचं ते बघावं. रस्त्याला लागून असलेल्या पट्टीपेक्षा आतली जागा बरी, उघड्या धुळीपेक्षा गवत बरं, जुन्या भिंतीपासून लांब बरं. खेळून आल्यावर आणि खाण्याआधी हात साबणानं, नखांसकट धुवावेत. चपला दाराबाहेर ठेवायची आपली रीत यासाठीही उत्तम आहे, कारण बाहेरची विषारी धूळ घरात येते ती बहुतेक तळव्यांबरोबर. धनुर्वाताची लस वेळेवर असावी. परसात भाजी लावायची तर शंका असलेल्या जमिनीत न लावता कुंडीत, चांगलं शेणखत घालून लावावी. कंपोस्ट आणि चुना मातीतलं शिसं काही अंशी बांधून ठेवतात, ते झाडाला आणि पोटाला कमी लागू होतं.

माती सुधारता येते, याचाही दाखला आहे. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मुंबईच्या नातेवाइकांकडे जाल तेव्हा जरूर पाहा. आज तिथे दाट झाडी, पक्षी, फुलपाखरं आहेत. जागा सुमारे 37 एकर. ती जागा म्हणजे शहराचं जुनं कचऱ्याचं मैदान. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हस्ते 1983 मध्ये तिथे पहिलं झाड लागलं आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. मधली अकरा वर्षं माणसांनी माती आणून टाकली, झाडं लावली, वाट पाहिली. बिघडवायला कुणाला कसला निश्चय करावा लागला नव्हता. सुधारायला करावा लागला.

सरकारकडेही काही मागायला हवं. शेतकऱ्यांसाठी 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे, म्हणजे पिकाला काय हवं ते. शिसं, कॅडमियम, पारा त्यात नाहीत. ज्या मातीत गहू उगवत नाही, फक्त मुलं वाढतात, तिला पत्रिकाच नाही. कॉलनीच्या बागेत मुलांच्या खेळण्याच्या जागेची माती या धातूंसाठी तपासावी, अशी अर्जी नगर निगमकडे महिला मंडळानं द्यायला काय हरकत आहे? उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर 2016 मध्ये देशभर मनाई केली आहे. साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड आहे. ही गोष्ट बागेतल्या सफाईवालीला दरडावून सांगू नका. ढीग जाळून संपव, असं तिला वरूनच सांगितलेलं असतं आणि तो धूर सगळ्यांत आधी तिच्याच छातीत जातो. वरच्यांना सांगा आणि पाचोळ्यासाठी बागेतच एक खड्डा मागून घ्या.

घरातलं काम मात्र अर्जीवाचून होतं. चातुर्मास आला की आपण नियम घेतो. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी एकाशन करते, कुणी एक रस सोडते. यंदा त्यांच्या जोडीला एक नियम उत्सर्गाचा घ्यावा, एवढीच माझी विनंती. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक जुना डबा ठेवायचा. संपलेले सेल, फुटलेले दिवे, औषधांच्या पट्ट्या, झुरळांच्या औषधाची बाटली, हे सगळं चार महिने त्या डब्यात. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला आणि सुका याखेरीज घरातला घातक कचरा म्हणून तिसरा वर्ग केलेलाच होता; तो वेगळा घ्या, असं गाडीवाल्याला म्हणायचं. त्यानं नाही घेतला तर मंदिरात एक मोठा डबा ठेवायचा, शंभर घरांचा साठला की मंडळाच्या दोघींनी निगमच्या कचेरीत नेऊन द्यायचा, पावती मागायची. देवाची वाहिलेली फुलं पिंपळाखाली न टाकता दोरा, पन्नी, टाचणी काढून कुंडीत पुरायची. भाद्रपदात क्षमावणीला आपण चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जीवांची क्षमा मागतो, त्यात सात लाख पृथ्वीकायाच्या आहेत. तोपर्यंत तो डबा किती भरला, ते प्रत्येकीनं आपापल्या घरी पाहावं.